के-ए-पी कप

ताई, मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट 31. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. पण ‘तुमचं इंग्रजी बरं आहे’ म्हणून इंग्रजी मात्र चारही वर्गांचं माझ्याच गळ्यात आहे. मुलं कविता हातवारे करून म्हणतात, एबीसीडी खडाखडा येते, पुस्तकातलं पान धडाधड वाचतात. परवा त्याच पानावरचा एक शब्द फळ्यावर एकटा लिहिला, तर एकालाही वाचता येईना. रोज पाच स्पेलिंगं देते, शनिवारपर्यंत सगळी विसरलेली असतात. दुसरीतल्या एकाने कप हा शब्द ‘के-ए-पी’ असा लिहिला. वर्ग हसला, मी लाल फुली मारली, पण मनाला काहीतरी खटकलं. पालक म्हणतात, व्हॅनने इंग्रजी शाळेत जाणारी पोरं बघा कशी इंग्रजी फाडतात. मी नियोजन कसं करू? मराठीत अर्थ सांगितला तर चालतो का? तिसरीतली एक मुलगी मराठीच धड वाचत नाही, तिला इंग्रजी कसं शिकवू? आणि खरं सांगायचं तर, माझ्याच उच्चारांची मला खात्री नाही.
– एक शिक्षिका

बाई, उद्या शाळेत गेल्यावर आधी त्या मुलाची वही काढा आणि ती लाल फुली खोडा.

त्याने काय केलंय ते नीट बघा. कप हा शब्द त्याने तोंडात घोळवला. त्याचे तुकडे पाडले, क्, अ, प्. मग प्रत्येक तुकड्याला एकेक अक्षर शोधलं. क् साठी ‘के’, बरोबर. प् साठी ‘पी’, बरोबर. अ साठी त्याने ‘ए’ घेतलं, कारण त्याच्या स्वतःच्या किंवा शेजारच्या पोराच्या नावात ते तसंच असतं. चूक झाली ती एवढीच. बाकीची तीस मुलं ‘सी-यू-पी कप’ असं गाण्यासारखं म्हणत असतील, पण तो ‘सी’ तिथे कशाला बसलाय हे त्यांतल्या कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. या मुलाला ते कळलंय. तुमच्या वर्गात इंग्रजी वाचायला लागलेला कदाचित तो पहिलाच आहे, आणि नेमकी त्याला फुली मिळाली.

तुम्हाला बोल लावत नाही. मी याहून मोठी फसगत करून घेतलेली आहे.

2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर एबीसीडीची गाठ पाचवीत पडायची. आम्ही पहिलीच्या बाया एकदम इंग्रजीच्या बाया झालो. मी जीव तोडून शिकवलं. वर्षाअखेरीस तपासणीला एक साहेब आले, तेव्हा वर्गातला सगळ्यात चुणचुणीत पोरगा उभा केला. तो बोट ठेवून एक पान वाचून गेला. पान उलटताना दोन पानं एकत्र चिकटलेली, त्यामुळे मधलं पान सुटलं. पोरगा मात्र न अडखळता त्या सुटलेल्या पानावरचा मजकूर वाचत राहिला. बोट पुढच्या पानावर, तोंड मागच्या पानावर. साहेब ‘छान’ म्हणाले, शेरेबुकात शेरा लिहिला आणि चहा घेऊन गेले. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

तुमच्या मुलांचंही तेच झालंय. ती पान वाचत नाहीत, म्हणून दाखवतात. चित्र बघितलं की ओळ आठवते. फळ्यावर शब्द एकटा पडला की चित्र नाही, मागची ओळ नाही, मग आठवायचं कशावरून? आणि हे दुखणं तुमच्या एकट्या शाळेचं नाही. ‘प्रथम’ संस्था मुलांना वाचता येतं का हे बघायला ‘असर’ नावाची पाहणी करते, तिच्या 2022 च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं 24.5 टक्के निघाली. 2016 साली ती 24.7 टक्के होती. ही पाहणी घरोघर जाऊन करतात, त्यामुळे व्हॅनने जाणारी पोरंही त्यात आलीच.

मूळ गोम अशी की आपण अक्षराचं नाव शिकवतो आणि मुलाकडून त्याच्या आवाजाची अपेक्षा ठेवतो. मराठीत ‘क’चं नाव क आणि आवाजही क. इंग्रजीत नाव ‘सी’ आणि कामाला लागला की म्हणतो क्. सी, ए, टी ही नावं एकापुढे एक कितीही भरभर म्हटली तरी ‘सीएटी’च होणार, त्यातून मांजर काही बाहेर पडत नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने नावं बाजूला ठेवा, फक्त आवाज शिकवा. नावं मुलांना येतातच, ती कुठे पळून जात नाहीत.

पहिली सहा अक्षरं घ्या ती एस, ए, टी, पी, आय, एन. एबीसीडीच्या क्रमाला वाचनात काही अर्थ नाही, तो शब्दकोशात शब्द शोधताना उपयोगी पडतो. या सहांतून मात्र दोन डझनांहून जास्त छोटे शब्द होतात: पिन, टिन, पॅन, टॅप, नॅप, सिट, टिप, अँट, पँट, स्पिन. यातले कितीतरी तुमच्या मुलांच्या तोंडात आजच आहेत. सेफ्टी पिन घरात आहे, पत्र्याचा टिन आहे, पँट अंगावर आहे.

कार्डं विकत आणू नका. गावात लग्नं होतात, पत्रिका येतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. चौकोन कापा, स्केचपेनने एकेक अक्षर काढा. छोट्या लिपीतलं काढा, मोठ्या लिपीतलं नाही. पुस्तकात शंभर अक्षरं असतील तर नव्वदहून जास्त छोटीच असतात, तरी आपण महिनाभर मोठी गिरवून घेत बसतो.

आता फळ्यावर एस, ए, टी लिहा. बोट एसखाली ठेवा आणि आवाज लांबवा, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटते तसा, स्स्स्स्. दम न सोडता बोट ‘ए’खाली न्या, स्स्स्ॲॲॲ. आणि तसंच सरकत टी वर जाऊन थांबा, ट्. मुलांना तुमच्याबरोबर म्हणायला लावा. दुसऱ्यांदा जरा भरभर. तिसऱ्यांदा तुम्ही गप्प बसा, नुसतं बोट फिरवा. कोपऱ्यातलं कुणीतरी ‘सॅट!’ म्हणून ओरडतं. ते ऐकण्यासाठी मी निवृत्तीनंतरही शाळांत जाते.

एस आधी घ्यायचा तो याचसाठी, त्याचा आवाज ओढता येतो. एम, एन, एफ, एल यांचाही ओढता येतो. बी, टी, पी, डी यांचा येत नाही, आणि तिथेच आपण ‘ब’, ‘ट’ असं अकारान्त म्हणतो आणि मुलाच्या कानात ‘बअ-ॲ-टअ’ जातं. यातून बॅट कशी जमणार? पाय मोडलेला ब् म्हणायचा, तोंडातल्या तोंडात. हे मराठी मुलाला अवघड जात नाही. तो ‘घर’ असं लिहितो आणि म्हणतो घर्. ‘कप’ लिहितो आणि म्हणतो कप्. शेवटचा अ गिळायची सवय त्याला आईच्या कडेवर असल्यापासून आहे.

स्वरांच्या बाबतीत तर आपलं पारडं जड आहे. पाच स्वरांना सुरुवातीला पाच शब्द पुरतात: बॅट, पेन, पिन, पॉट, कप. म्हणजे ॲ, ए, इ, ऑ, अ. ॲ आणि ऑ आता आपल्या वर्णमालेत आहेत, बाराखडीची चौदाखडी झालीये. मुलाला नवा आवाज शिकवायचा नाहीये, येणाऱ्या आवाजाला नवं चिन्ह द्यायचंय. एका बाबतीत तर इंग्रजी सोपी आहे. ‘पिन’ मराठीत लिहिताना वेलांटी प च्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. इंग्रजीत पी, आय, एन एकामागे एक रांगेत उभे असतात, म्हणायचा क्रम तोच लिहायचा क्रम. हे मुलांना मुद्दाम दाखवा. ‘इंग्रजी लई अवघड’ ही भीती थोडी उतरते.

एका सापळ्यापासून मात्र जपा. हौसेने आपण मुलांची नावं इंग्रजीत लिहून बाकावर चिकटवतो. त्या नावांतला ‘ए’ कधी अ असतो, कधी आ. अनिल, आशा, समीर यांतल्या कुठल्याच ‘ए’चा आवाज ॲ नाही. तुमच्या के-ए-पी वाल्याची गाडी बहुधा तिथेच घसरली. नावांचा खेळ दिवाळीनंतर घ्या आणि तेव्हा सरळ सांगा, नावातला ‘ए’ मराठी बोलतो, पुस्तकातला इंग्रजी. पोरं एवढं सहज समजून घेतात.

आता नियोजन. चार वर्गांचं चार तास इंग्रजी तुम्ही कुठून काढणार? इयत्ता विसरा. परिपाठ झाला की रोज 25 मिनिटं सगळी एकत्र बसवा, गुरुजींनाही त्या वेळी बरोबर घ्या. आठवड्यात दोन लांब तास घेण्यापेक्षा रोजची 25 मिनिटं कितीतरी बरी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पाच-पाच मिनिटं बाजूला घ्या आणि ‘असर’वाले बघतात तेच बघा: मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, साधे शब्द, सोपी वाक्यं. शब्द पुस्तकाबाहेरचे द्या, नाहीतर पुन्हा पाठांतरच ऐकाल. मग तीन गट आपोआप पडतात. अक्षरांचे आवाज न येणारी, आवाज येतात पण जोडता येत नाहीत अशी, आणि शब्द वाचू लागलेली. चौथीतला एखादा पहिल्या गटात निघाला तर त्याला ‘मदतनीस’ म्हणा आणि कार्डं त्याच्या हातात द्या. बारक्यांना शिकवता शिकवता तो स्वतःचं भरून काढतो आणि मानही राहतो.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांचा मिळून कानाचा खेळ. तुम्ही ‘प्-इ-न्’ असे तुकडे म्हणायचे, मुलांनी जोडून सांगायचं. मग उलट, तुम्ही ‘टॅप’ म्हणायचं, मुलांनी तीन टाळ्यांत तोडायचा. यात पाटी नाही, पेन्सिल नाही. पुढची पंधरा मिनिटं तुम्ही एका गटाजवळ, गुरुजी दुसऱ्याजवळ, तिसरा गट जोडीने वाचत बसलेला. उद्या जागा बदला. उरलेल्या पाच मिनिटांत तुम्ही शब्द सांगायचा आणि मुलांनी पाटीवर लिहायचा.

रोजची पाच स्पेलिंगं बंद करा. त्याऐवजी हे पाटीवरचं लेखन. शनिवारी सहा शब्द सांगा, त्यांतले तीन मुलांनी आधी कधीच न पाहिलेले, पण शिकवलेल्या अक्षरांचेच. विसरायचा प्रश्नच येत नाही, कारण पाठ काही केलेलंच नसतं.

पहिलीच्या मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी वाचायला लावू नका. त्या वेळी ती गमभनशी झुंजत असतात. गाणी, सूचना, कानाचा खेळ एवढं त्यांना पुरे. बाकीच्यांसाठी ही सहा अक्षरं झाली की एम, डी, जी, ओ, सी, के, मग ई, यू, आर, एच असं जा. बी ला डी पासून लांब ठेवा, घ आणि ध एकाच दिवशी शिकवल्यासारखं होतं नाहीतर. एका आठवड्यात दोन अक्षरं, पुढचा आठवडा नुसता उजळणीचा. गणपती, पोळा, पाऊस, साकव वाहून गेला म्हणून बंद राहिलेली शाळा, हे सगळं धरूनही दिवाळीपर्यंत सोळा अक्षरं होतात. दिवाळीनंतर उरलेली, आणि मग एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या. टाचणवहीत ‘पाठ 4 शिकवणे’ लिहायच्या ऐवजी ‘मुलं एम असलेले नवे आठ शब्द वाचतील’ असं लिहा. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर तेच शब्द मुलांकडून वाचून घ्यायला सांगा. मीही ते काम केलंय, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला असं काही बघायला मिळालं तर तो दिवस बरा जातो.

‘पण पुस्तक?’ असं तुम्ही म्हणाल. बालभारतीचं पुस्तक टाकून द्यायचं नाही. त्यातल्या कविता, गोष्टी, संवाद कानासाठी आणि तोंडासाठी छान आहेत, ते दुपारच्या तासाला घ्या. तुम्ही हावभाव करून वाचा, मुलांनी ऐकावं, बोलावं, नाटक करावं. पुस्तकाचं पान आणि वाचायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं मनात ठेवा. काही शब्द आवाजावरून सुटत नाहीत, ‘द’, ‘इज’, ‘यू’, ‘वॉज’ असले. ते तोंडओळखीचे शब्द, पाहुण्यांसारखे. आठवड्याला दोनच ओळखीचे करा, दारावर चिकटवा, आत-बाहेर करताना हात लावून वाचायचे. ‘द’ आणि ‘इज’ झाले की त्या पहिल्या सहा अक्षरांतूनच वाक्य उभं राहतं: द पिन इज इन द टिन. एक टिनचा डबा घ्या, त्यात पिन टाका आणि वाचायला लावा. मग पिन बाहेर काढा आणि पुन्हा विचारा, वाक्य खरं आहे का? ज्याला कळतं तो हसतो.

मराठीत अर्थ सांगायचा का, याचं उत्तर हो, बिनदिक्कत. ज्या भाषेत मूल विचार करतं ती वर्गाबाहेर ठेवून त्याच्याशी बोलणार कशी? फक्त ‘कॅट म्हणजे मांजर, रॅट म्हणजे उंदीर’ हा जप नको. अर्थ एकदा सांगा, मग वस्तू दाखवून, करून, इंग्रजीतच वापरत राहा. गोष्ट असेल तर आधी मराठीत रंगवून सांगा, मग इंग्रजीत वाचा.

तिसरीतल्या मुलीला सध्या इंग्रजी वाचायला बसवू नका. कानाच्या खेळात घ्या, गाण्यात घ्या, पण वाचनाची वेळ तिला मराठीसाठी द्या. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचाही रोख तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं यावरच आहे. एका भाषेत अक्षरं जोडण्याची युक्ती बसली की दुसरीत ती नव्याने शिकावी लागत नाही. ती नेमकी कुठे अडते ते बघा: सुटी अक्षरं, काना-मात्रा की जोडाक्षरं? आणि आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा तिचे डोळे आणि कान नीट तपासायला सांगा. माझ्याकडच्या एका ‘मठ्ठ’ मुलीला चष्मा लागला आणि दोन महिन्यांत ती सुधारली. तोवर मी तिला बरंच बोलले होते.

उच्चारांचं मनावर घेऊ नका. आपण मराठी माणसं, इंग्रजी मराठी वळणाचंच येणार. तीन गोष्टी तेवढ्या सांभाळा. बॅट आणि बेट वेगळे ऐकू येऊ द्या. ‘शिप’ आखूड, ‘शीप’ लांब. आणि व्ही-डब्ल्यू, ते तर आपलं लेखनच वेगळं दाखवतं, व्हॅन आणि वॉच. शंका आली तर मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐका, मुलांसमोर ऐका. बाईंनाही बघावं लागतं हे त्यांना दिसलं तर काही बिघडत नाही.

पालकांशी वाद घालू नका. पुढच्या पालक सभेला मुलांना कविता म्हणायला उभं करू नका, ती व्हॅनवाल्यांचीही पोरं म्हणतात. एका बापाला पुढे बोलवा, कार्डांच्या ढिगातून हवी ती तीन उचलायला सांगा, मधलं स्वराचं तेवढं बघा. जुळेल तो शब्द फळ्यावर लावा. शब्दाला अर्थ नसला तरी चालेल. मग त्याच्याच मुलीला वाचू द्या. आयत्या वेळी निघालेला शब्द पाठ करून येता येत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळतं.

राहिला तुमचा के-ए-पी वाला. फुली खोडून झाली की त्याला वर्गासमोर विचारा, हा शब्द तू कसा लिहिलास? तो सांगेल, तेवढं बाकीच्यांना ऐकू द्या. मग सांगा की अ म्हणायला इथे ‘यू’ लागतो, आणि क् म्हणणारे दोघं आहेत, सी आणि के. ए, ओ, यू यांच्या आधी बहुतेकदा सी बसतो, कॅट, कॉट, कप. आय आणि ई यांच्या आधी के, किट, केटल. मग त्याच्या हातात खडू द्या आणि ‘कट’ लिहायला सांगा. त्याने काय लिहिलं ते मला कळवा.